फुटलेल्या पित्ताशयापर्यंतची वाट

ऑक्टोबर १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. त्याला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयाच्या आवारात पत्रकारांशी बोलता बोलता त्यांनी सदरा वर केला आणि उजव्या बरगड्यांखालचा लांब व्रण सगळ्यांना दाखवला. ते छायाचित्र जगभर छापून आले आणि राष्ट्रप्रमुखाने असे पोट उघडे टाकावे का, यावर बरीच चर्चा झाली. मला त्या छायाचित्रात दिसतो तो त्या काळच्या शल्यशास्त्राचा नियम. अमेरिकेचा अध्यक्ष असो की परळच्या गिरणीतला कामगार, पित्ताची पिशवी काढायची तर पोटाचे स्नायू कापावेच लागत. व्रण दोघांचा सारखाच. फरक पडायचा तो नंतरच्या दिवसांत. महिना-दीड महिना वजन उचलायचे नाही, हा सल्ला अध्यक्षांना परवडत होता. हमाली करणाऱ्याच्या घरात तो सल्ला म्हणजे चूल बंद होणे होते.

बरगड्यांखालचा तो तिरका छेद स्विस सर्जन थिओडोर कोखर यांच्या नावाने ओळखला जातो. तो मोठा असण्याला कारण होते. पित्ताशय यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेले, पोटाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात. तिथे उजेड पोहोचला पाहिजे, हात पोहोचला पाहिजे, आणि रक्त येऊ लागले तर ते थांबवायला जागा पाहिजे. १८६७ मध्ये इंडियानापोलिसच्या जॉन बॉब्ज यांनी एका तीस वर्षांच्या स्त्रीचे पोट अंडाशयाची गाठ समजून उघडले, तेव्हा हाती लागले सुजलेले पित्ताशय. त्यांनी ते उघडून खडे काढले, पिशवी शिवली आणि जागच्या जागी ठेवून दिली. ती बाई बॉब्ज यांच्यानंतरही कित्येक वर्षे जगली. अख्खी पिशवीच काढून टाकण्याचे धाडस बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी केले. १५ जुलै १८८२ रोजी लाझारस रुग्णालयात त्यांच्यासमोर ४३ वर्षांचा एक माणूस होता. सोळा वर्षे पोटशूळाने हैराण झालेला, मॉर्फिनच्या आहारी गेलेला. खडे काढले तरी पुन्हा होणार, कारण ते ज्या पिशवीत तयार होतात ती तिथेच राहते. तेव्हा पिशवीच काढली पाहिजे, असे लांगेनबुख यांचे म्हणणे होते. मृतदेहांवर सराव करून मगच ते या रुग्णाकडे वळले होते. रुग्ण बरा झाला. त्यानंतर शंभर वर्षे शस्त्रक्रियेची मूळ रीत फारशी बदलली नाही.

आता पिशवी फुटते कशी, ते पाहू. पुढचा सगळा इतिहास त्यावरच अडला होता. पित्ताशयात जेमतेम तीस ते पन्नास मिलिलीटर पित्त मावते. एखादा खडा तोंडाशी, म्हणजे पित्ताशयातून निघणाऱ्या बारीक नळीत अडकला, की आतला स्राव बाहेर पडू शकत नाही. पिशवी ताणते, सुजते. ताण वाढत गेला की तिच्या भिंतीतल्या शिरा दबतात, मग रक्तपुरवठाही थांबतो. पिशवीचे टोक रक्ताच्या वाटेपासून सर्वांत दूर, म्हणून सहसा तेच आधी काळे पडते आणि तिथेच भोक पडते. कधी कधी त्या क्षणी रुग्णाला चक्क बरे वाटते. ताण उतरलेला असतो, कळ ओसरते. घरचे सुस्कारा टाकतात. मग काही तासांत जंतूंनी भरलेले पित्त पोटभर पसरते, पोट लाकडासारखे कडक होते, थंडी वाजून ताप चढतो आणि रक्तदाब कोसळू लागतो. म्हातारी माणसे आणि मधुमेही यांच्यात तर ही लक्षणेही ठळक दिसत नाहीत. १९३४ मध्ये ओ. डब्ल्यू. नीमायर यांनी या फुटण्याचे तीन प्रकार सांगितले: पित्त मोकळ्या पोटात सांडते तो, आजूबाजूचे अवयव चिकटून गळू धरते तो, आणि जुनाट प्रकार, ज्यात पिशवी हळूहळू आतड्यात वाट काढते. ही विभागणी थोड्याफार फरकाने अजून वापरली जाते.

मोठा छेद घेऊनही हे ऑपरेशन निर्धोक नव्हते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्या पित्ताशयाचे ऑपरेशन एप्रिल १९५३ मध्ये लंडनला झाले आणि त्यात त्यांच्या मुख्य पित्तनलिकेला इजा झाली. ती सुधारायला त्यांना बॉस्टनला रिचर्ड कॅटल या सर्जनकडे जावे लागले. पित्तनलिका ही यकृतातले पित्त आतड्यात नेणारी एकमेव वाट. ती तुटली की माणूस आयुष्यभर पुन्हा पुन्हा तापाने आणि काविळीने आजारी पडू शकतो. ईडन पडलेच. १९५६ मध्ये सुएझचा पेच चिघळला तेव्हा ते पंतप्रधान होते आणि ऐन धामधुमीत त्यांना तापाने गाठले. त्यांच्या निर्णयांत या आजाराचा वाटा किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. दुसरे उदाहरण चित्रकार अँडी वॉरहॉल यांचे. रुग्णालयाची त्यांना इतकी धास्ती होती, की पित्ताशयाचा त्रास त्यांनी वर्षानुवर्षे अंगावर काढला. २१ फेब्रुवारी १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये अखेर ऑपरेशन झाले तेव्हा पिशवी सडलेली होती. काढताना तिचे तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. कापण्याची भीती माणसाला किती दिवस थांबवते आणि तेवढ्यात पिशवी कुठे पोहोचते, हे या एका मृत्यूत दिसते.

वॉरहॉल गेले त्या वेळी युरोपात लांब छेद न घेता पित्ताशय काढले जाऊ लागले होते. पण ते कुणाच्या फारसे कानावर नव्हते, आणि ज्यांच्या कानावर होते त्यांना ते पटत नव्हते.

पोटात डोकावण्याचे स्वप्न जुने होते. १९०१ मध्ये ड्रेस्डेनचे गेऑर्ग केलिंग यांनी हॅम्बुर्गच्या सभेत एका कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरून, मूत्राशय तपासायच्या नळीतून आतले अवयव दाखवले. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी हेच माणसांवर केले. हंगेरीच्या यानोश वेरेश यांनी १९३८ मध्ये स्प्रिंगची एक सुई केली. आतल्या अवयवाला टोचू नये म्हणून मऊ जागेत शिरताच तिचे बोथट टोक पुढे येई. ती केली होती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी, आणि पुढे ती पोट फुगवण्यासाठी जगभर वापरली गेली. ब्रिटनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांनी नळीतल्या बारीक भिंगांच्या जागी काचेच्या कांड्या बसवल्या आणि धूसर दिसणारे पोट एकदम लख्ख दिसू लागले. पण सर्जन मंडळी या सगळ्यापासून दूर राहिली. पोटात पाहायची ही दुर्बीण हातात घेतली ती स्त्रीरोगतज्ज्ञांनी. जर्मनीतल्या कील शहराचे कुर्ट झेम यांनी पोटातल्या वायूचा दाब आपोआप राखणारे यंत्र बनवले, पोटात गाठी मारायच्या युक्त्या शोधल्या, आणि १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले. त्यावर सर्जनांनी काहूर माजवले. झेम यांना कामावरून दूर करा, अशी मागणी झाली. आधीच्या काळात तर त्यांच्या मेंदूची तपासणी करावी, असेही सहकाऱ्यांनी सुचवले होते.

झेम यांच्या त्या अपेंडिक्सने एका माणसाला मात्र स्वस्थ बसू दिले नाही. एरिख म्यूहे, जन्म १९३८, एर्लांगेन विद्यापीठात घडलेले सर्जन. श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेन या लहान शहरातल्या रुग्णालयात शल्यविभागाचे प्रमुख म्हणून आले होते. अपेंडिक्स निघते तर पित्ताशय का नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी स्वतःचे उपकरण तयार करवून घेतले आणि त्याला ‘गॅलोस्कोप’ म्हटले. बेंबीजवळून आत जाणारी रुंद नळी, तिच्यातच पाहायची सोय आणि तिच्यातूनच हत्यार घालायची वाट. १२ सप्टेंबर १९८५ रोजी त्यांनी त्यातून जगातले पहिले पित्ताशय काढले. सुमारे दोन तास लागले. पडद्यावर चित्र नव्हते, सहाय्यकाला आत काय चालले आहे ते दिसत नव्हते. एकटा माणूस एका डोळ्याने आत पाहत होता आणि त्याच्या हाती पित्तनलिकेपासून बोटभर अंतरावरची धमनी होती. पहिल्या काही रुग्णांनंतर त्यांनी पोटात वायू भरणेही सोडले आणि बरगड्यांच्या कडेखाली छोटा छेद घेऊन तिथूनच नळी घालू लागले. बरगड्यांची कमान पोटाची भिंत वर धरून ठेवते, हे त्यांनी ताडले होते.

एप्रिल १९८६ मध्ये म्यूनिकला जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी आपले काम मांडले. सभागृहाने ते उडवून लावले. ‘मिकी माऊस सर्जरी’ हा शब्द तिथला. लहान छेद घेणाऱ्याचा मेंदूही लहान, असेही म्हटले गेले. मार्च १९८७ पर्यंत म्यूहे यांनी चौऱ्याण्णव रुग्णांची पित्ताशये अशी काढली होती. मग एका रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला आणि त्यांच्यावर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. ते निर्दोष ठरले १९९० मध्ये. तोवर त्यांचीच शस्त्रक्रिया दुसऱ्यांच्या नावाने जगभर पोहोचली होती. १९९२ मध्ये ज्या संघटनेने त्यांना हसून घालवले होते तिनेच त्यांचा सन्मान केला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सर्जनांनी त्यांना मानाचे व्याख्यान द्यायला बोलावले, आणि तेव्हा कुठे पहिला मान त्यांचा, हे उघडपणे मान्य झाले. २००५ मध्ये ते गेले. या माणसाची उपेक्षा मला फार लागते. एका लहान शहरातला माणूस मोठ्या विद्यापीठांच्या आधी पोहोचला, आणि त्याने काय केले हे नीट पाहण्याचे कष्टही परिषदेतल्या थोरांनी घेतले नाहीत.

म्यूहे यांच्या कामाची काहीच कल्पना नसलेल्या फिलिप मूरे यांनी १७ मार्च १९८७ रोजी लियोंमध्ये हीच शस्त्रक्रिया केली. मूरे खाजगी दवाखान्यातले सर्जन. एका स्त्रीरोगतज्ज्ञासोबत जागा वाटून घेत, त्यामुळे दुर्बिणीचा त्यांना सराव होता. त्यांनी याबद्दल काही लिहिलेही नाही. बातमी पॅरिसला पोहोचली ती मूरे यांचे काम पाहिलेल्या एका परिचारिकेमुळे. तिने आपल्या सर्जनला, फ्रान्स्वा द्युब्वा यांना सांगितले, की तुम्ही ज्या लहान छेदाचा अभिमान बाळगता त्याहून लहान छेदातून लियोंमध्ये काम होते. द्युब्वा यांनी मूरे यांना गाठले आणि १९८८ मध्ये स्वतः सुरुवात केली. बोर्दोचे जाक पेरिसा यांनी १९८९ मध्ये लुईव्हिलच्या परिषदेत आपली चित्रफीत नेली. मुख्य कार्यक्रमात तिला जागा नव्हती, म्हणून ती प्रदर्शनाच्या दालनात लावली. लोक तिथेच गर्दी करून उभे राहिले. खरा बदल घडवला तो लहान व्हिडिओ कॅमेऱ्याने. दुर्बिणीच्या टोकाला तो बसला आणि आतले दृश्य पडद्यावर आले. सर्जन ताठ उभा राहिला, त्याचे दोन्ही हात मोकळे झाले, सहाय्यकाला आणि परिचारिकेला तेच दिसू लागले जे त्याला दिसत होते. एकट्याने करायचे काम चारचौघांचे झाले, आणि चारचौघांचे झाले म्हणूनच शिकवता आले.

मग पूर आला. अमेरिकेत शनिवार-रविवारच्या शिबिरांत डुकरांवर सराव करून सर्जन सोमवारी रुग्णावर हात चालवू लागले. रुग्ण स्वतः मागत होते. दुसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात कामावर, कुणाला नको? किंमत पित्तनलिकेने मोजली. १९९१ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांतल्या सर्जनांनी १,५१८ ऑपरेशनांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला. एकूण चित्र चांगले होते, पण प्रत्येक सर्जनच्या पहिल्या तेरा रुग्णांत नलिकेला इजा होण्याचे प्रमाण २.२ टक्के आणि त्यानंतरच्या रुग्णांत ०.१ टक्का. म्हणजे सर्जनचे शिकणे रुग्णाच्या अंगावर चालले होते. न्यूयॉर्क राज्याने १९९२ मध्ये नियमच केला, की एकट्याने करण्याआधी देखरेखीखाली किमान पंधरा ऑपरेशने झाली पाहिजेत. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक घेतली. खडे असलेल्या बहुतेक रुग्णांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरक्षित आहे, असा निर्वाळा तिने दिला. आणि कुणासाठी सहसा नाही, तेही सांगितले: पोटभर दाह पसरलेले, जंतुसंसर्गाने कोसळलेले, स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेले, यकृत निकामी झालेले, पित्ताशयाचा कर्करोग असलेले.

म्हणजे फुटलेल्या पित्ताशयाला दार बंद. ज्याला गरज सर्वांत कमी, त्या धडधाकट माणसाच्या साध्या खड्यांसाठी ही शस्त्रक्रिया खुली झाली. ज्याच्या पोटात पू आणि पित्त आहे, ज्याला मोठ्या जखमेचा भार सर्वांत कमी झेपणार आहे, त्याच्या वाट्याला जुनाच लांब छेद राहिला. हा निर्णय तेव्हा बरोबर होता, असेच मी म्हणेन. हात बसलेले नव्हते.

मुंबईत या शस्त्रक्रियेची पूर्वतयारी अमेरिकेहून वेगळ्या वाटेने झाली होती. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन हाताशी नसलेल्या त्या दिवसांत पोटात पाणी का झाले, गाठ कसली, आतड्याचा क्षय आहे की कर्करोग, हे कळायला पोट उघडण्यावाचून उपाय नसे. एका छोट्या भोकातून आत पाहून, तुकडा तपासायला घेऊन त्यांनी अनेकांचे पोट उघडणे वाचवले. सहकारी विचारत, सर्जनला या भोकाशी काय करायचे? उडवाडिया यांनी काम चालू ठेवले, लहान गावांतल्या डॉक्टरांना शिकवत राहिले. १९९० मध्ये जे. जे. मध्येच त्यांनी भारतातले पहिले पित्ताशय दुर्बिणीतून काढले. काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ते केले. एवढी महागडी यंत्रे गरीब देशाला कशाला, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. उडवाडिया यांचे उत्तर आयुष्यभर एकच राहिले: याची गरज गरिबालाच सर्वांत जास्त आहे, कारण त्याच्याकडे रजा नसते. जे. जे. च्या सर्वसाधारण कक्षातला रोजंदारीवरचा माणूस आठवड्यात कामावर परतला, तर त्याचे कर्ज टळते, मुलाची शाळा सुटत नाही. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या हत्यारांऐवजी धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरायची धातूची हत्यारे आपल्याकडच्या शल्यगृहांनी धरून ठेवली, त्यामागे हाच विचार होता. २०१७ मध्ये उडवाडिया यांना पद्मभूषण मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. महाराष्ट्रात आज तालुक्याच्या गावी ‘दुर्बिणीतून करू’ असे डॉक्टर सहज म्हणतात, त्यामागे त्यांची पन्नास वर्षे आहेत.

सुजलेल्या, सडलेल्या पित्ताशयाचे दार उघडायला सुरुवात झाली ती जिद्दी लोकांनी एकेक रुग्ण हाती घेत. ठोस पुरावा १९९८ मध्ये हेलसिंकीहून आला. तिथल्या सर्जनांनी तीव्र दाह झालेल्या आणि सडलेल्या पित्ताशयांचे त्रेसष्ट रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले. बत्तीस जणांना दुर्बीण, एकतीस जणांना उघडी शस्त्रक्रिया. मृत्यू कुणाचाच झाला नाही. उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात सात जणांना गंभीर गुंतागुंत झाली, दुर्बिणीच्या गटात एकाला, तीही किरकोळ. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा मला तितकाच मोलाचा वाटतो: दुर्बिणीच्या गटातल्या पाच जणांचे पोट शेवटी उघडावे लागले. त्या सर्जनांनी तसे केले म्हणून कुणी दगावले नाही.

फुटलेल्या पिशवीच्या ऑपरेशनात दुर्बीण आत गेल्यावर पित्ताशय दिसतच नाही. दिसते ती पोटातली चरबीची चादर, म्हणजे वपा, जिने धावून येऊन भोकाभोवती वेढा घातलेला असतो. सर्जन ती हळूहळू सोडवतो, साचलेले पित्त आणि पू ओढून घेतो, पोट धुतो. भिंत इतकी जीर्ण झालेली असते, की चिमट्यात धरली तर ओल्या कागदासारखी फाटते. सांडलेले खडे एकेक करून वेगळ्या पिशवीत गोळा करावे लागतात. मागे राहिलेला खडा महिन्यांनी गळू होऊन वर येऊ शकतो. आणि जिथे सर्वांत सांभाळून काम करायचे, ती पित्तनलिकेजवळची जागा सुजेने दगडासारखी झालेली असते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी इथे एक शिस्त घालून दिली. तो भाग पूर्ण मोकळा करा, पित्ताशयाची खालची बाजू यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी, स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापू नका. दिसल्या नाहीत तर? त्याचे उत्तर आधीच तयार होते. दक्षिण आफ्रिकेत बोर्नमन आणि टेरब्लांश यांनी १९८५ मध्ये, म्हणजे म्यूहे ब्योब्लिंगेनला पहिले ऑपरेशन करत होते त्याच वर्षी, अवघड पित्ताशय अर्धवट काढण्याची पद्धत लिहून ठेवली होती. मोकळा भाग कापून घ्यायचा, खडे काढायचे, आणि पित्तनलिकेला चिकटलेला तुकडा तिथेच राहू द्यायचा. उघड्या शस्त्रक्रियेसाठी सांगितलेली ही युक्ती पुढे दुर्बिणीतल्या सर्जनांनी उचलली. फुटलेल्या पित्ताशयाकडे दुर्बिणीने जाता आले यात कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे. माझ्या मते त्याहून मोठा वाटा या थांबण्याचा आहे. सगळी पिशवी काढलीच पाहिजे हा हट्ट सुटला, तेव्हाच सडलेल्या पोटात हात घालणे रुग्णाच्या हिताचे झाले.

अति आजारी माणसांसाठी मात्र बरीच वर्षे वेगळा सल्ला होता. बरगड्यांमधून सुईने नळी घालून पित्त बाहेर काढा, माणूस सावरू द्या, ऑपरेशन नंतर पाहू. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, आणि काही रुग्णांसाठी अजूनही तेच योग्य आहे. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी त्याची परीक्षा घेतली. पित्ताशयाला तीव्र दाह झालेले, शस्त्रक्रियेचा धोका जास्त असलेले १४२ रुग्ण त्यांनी निवडले. काहींना दुर्बिणीचे ऑपरेशन, काहींना नळी. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर गुंतागुंत ऑपरेशनच्या गटात १२ टक्के लोकांना, नळीच्या गटात ६५ टक्के लोकांना. फरक इतका उघड होता, की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवावा लागला. त्याच वर्षी टोकियोहून निघणाऱ्या मार्गदर्शक सूचनांतही बदल झाला: अवयव निकामी होऊ लागण्याइतका दाह पोहोचला असला, तरी रुग्ण उपचारांनी सावरत असेल, हात अनुभवी असेल आणि अतिदक्षता विभाग जवळ असेल, तर दुर्बिणीने जाण्याचा विचार करावा.